मिन्योतली कबरी कोंबडी आणि एका कोंबड्याचा पेच

मिन्योकर | ३ मार्च, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांब होईल, सांभाळून घ्या.

गेली सहा वर्षं आम्ही पोर्तुगालच्या उत्तरेला, मिन्यो प्रांतात राहतो. नवऱ्याची नोकरी ब्रागा शहरात आणि घर विला व्हेर्द तालुक्यातल्या एका खेड्यात. माझं माहेर कुडाळचं, त्यामुळे घरामागे जागा आहे म्हटल्यावर पहिला विचार खुराड्याचाच आला. इथली जमीन बघितलीत तर तुम्हाला कोकण आठवेल. पाऊस भरपूर, वाफे लहान लहान, प्रत्येकाच्या हिश्श्याला चार तुकडे आणि त्यांच्या कडेने द्राक्षाचे उंच मांडव. मका साठवायला खांबांवर उभी केलेली दगडी कोठारं, आणि परसात माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच, गड्डा न धरणारा पानांचा कोबी. (आपला 'कोबी' हा शब्दच इथल्या 'कोव्ह'वरून आलेला.) त्या कोबीची खालची पानं कोंबड्यांना आणि वरची सूपात.

पोर्तुगालमध्ये सरकारदरबारी मान्य असलेल्या देशी कोंबड्यांच्या जाती चारच आहेत. प्रेता लुझितानिका, म्हणजे काळी, उन्हात हिरवी झाक मारणारी. आमारेला, पिवळी. ब्रांका, पांढरी. आणि आमच्याकडे आहे ती पेद्रेश पुर्तुगेझा, आपल्या भाषेत कबरी. प्रत्येक पिसावर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा. 'पेद्रा' म्हणजे दगड. इथली घरं, कुंपणं, विहिरी सगळं ग्रॅनाइटचं. संध्याकाळी कोंबडी कुंपणाला टेकून बसली की दगड कुठे संपला आणि कोंबडी कुठे सुरू झाली ते कळत नाही.

चारही जातींच्या वंशावळीची नोंदवही आमच्याच तालुक्यातली आमिबा नावाची संघटना ठेवते. मुळात ती बारोझां या लांब शिंगांच्या डोंगरी गाई पाळणाऱ्यांची संघटना. गाईंचं दप्तर सांभाळता सांभाळता कोंबड्याही तिच्याकडे आल्या, आणि आल्या म्हणून वाचल्या असं मला वाटतं.

या जाती कमी का झाल्या ते शेजारच्या आजींच्या घराकडे बघून समजतं. १९६० च्या दशकात या भागातली बरीच तरणी माणसं फ्रान्सला कामाला गेली. मागे राहिल्या त्या बायका आणि कोंबड्या. पुढे बाजारात पाच-सहा आठवड्यांत तयार होणारी ब्रॉयलर आली, पिंजऱ्यातली अंडी आली. पोरांनी फ्रान्सहून येऊन नवी घरं बांधली, त्यांना खुराडी नव्हती. आता जिथे म्हातारी आहे तिथे कोंबडी आहे. म्हातारी गेली की पंधरा दिवसांत खुराड्याचं दार उघडं दिसतं. सहा वर्षांत आमच्या गल्लीत हे मी तीन वेळा पाहिलं.

माझ्या पहिल्या चार कोंबड्या आणि कोंबडा या आजींनीच दिले. आता नऊ कोंबड्या आहेत. अडचण अशी झाली की तिसऱ्या पिढीला अंडी रिकामी निघायला लागली. बारा ठेवली तर पाच पिल्लं, त्यातली दोन कवचातच मेलेली. आजी म्हणाल्या, "कोंबडा बदल, हा सगळ्यांचा भाऊ झालाय." म्हणून दीड वर्षापूर्वी मी बाजारातून एक पेद्रेश कोंबडा विकत आणला. देखणा होता, माझ्या कोंबड्यांइतकाच गडद. अंडी भरायला लागली, मी खूश.

गेल्या उन्हाळ्यात १४ पिल्लं वाढवली. सात नर, सात तलंगा. नर सगळे कबरे. तलंगांमध्ये तीन कबऱ्या आणि चार काळ्या कुळकुळीत, एकही रेघ नाही. आजी काळ्या तलंगांकडे बघून काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. मला ते फार लागलं. माझे प्रश्न दोन. हे काय झालं? आणि आता काय करू?

---

तांबडीमाती | ४ मार्च, सकाळी ७.५०

वा! कोंबड्यांवर धागा, तोही पोर्तुगालातून. वाचनखूण साठवली. आमच्याकडे लांज्याला आजी म्हणायची, कोंबडा गावाबाहेरचा आणि कोंबडी घरची. दर दोन वर्षांनी माहेराहून टोपलीत कोंबडा यायचा. त्यामागे काही शास्त्र असेल असं कधी वाटलं नव्हतं.

---

गुणसूत्र | ४ मार्च, दुपारी १.०५

मिन्योकर ताई, तुमच्या आकड्यांत उत्तर दडलंय. फार सुंदर उदाहरण आहे, म्हणून नीट लिहितो.

माणसांत बापाकडून काय येतं त्यावर मुलगा की मुलगी ठरतं. पक्ष्यांत उलट असतं. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पिसांवर रेघा पाडणारं जनुक या झेडवर बसलेलं असतं. म्हणजे शुद्ध कबऱ्या कोंबड्याकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि कोंबडीकडे एकच. दोन प्रती म्हणजे पांढऱ्या रेघा जास्त रुंद. म्हणून शुद्ध जातीचा कबरा कोंबडा नेहमी कोंबड्यांपेक्षा फिका दिसतो.

तुमचा कोंबडा कोंबड्यांइतकाच गडद होता, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्याच्याकडे एकच प्रत होती. आई-बापांपैकी एक कबरं आणि दुसरं बिनरेघांचं काळं, असा तो संकर असणार.

आता हिशेब बघा. तुमच्या शुद्ध कोंबड्या आपला रेघांचा झेड सगळ्या मुलग्यांना देतात, म्हणून सातही नर कबरे. तलंगांना मात्र आईकडून डब्ल्यू मिळतो, त्यांचा एकुलता झेड बापाचा. बापाचे दोन झेड, एक रेघांचा आणि एक बिनरेघांचा. म्हणून साधारण निम्म्या तलंगा कबऱ्या, निम्म्या काळ्या. सातात चार हे अगदी अपेक्षेप्रमाणे आहे.

आणखी एक. कबऱ्या पिल्लाच्या डोक्यावर जन्मतःच फिकट ठिपका असतो. नराचा मोठा, विस्कटलेला, मादीचा लहान आणि रेखीव. तुमच्या त्या चार काळ्यांच्या डोक्यावर पहिल्या दिवशी ठिपका नसणार. आजींनी तो बहुतेक तेव्हाच शोधला असेल.

---

मिन्योकर | ४ मार्च, रात्री ९.२०

गुणसूत्र, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला आणि मग शेजारी गेले. आजींना विचारलं, पिल्लं निघाली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं का? त्या म्हणाल्या हो. ठिपका नव्हता. मला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नाहीत. आणि कोंबडा फिका हवा हेही त्यांना ठाऊक होतं, "गडद कोंबडा कोंबडीचं काम करतो" असं काहीसं त्या म्हणाल्या.

कोंबडा अजून खुराड्यात आहे. त्याचे तीन कबरे मुलगेही आहेत. त्यांतला एखादा ठेवला तर?

---

गुणसूत्र | ४ मार्च, रात्री १०.४०

नको. दिसायला कबरे असले तरी त्यांच्यात त्या संकरित बापाचं निम्मं रक्त आलेलंच आहे. रेघा हा फक्त डोळ्यांना दिसणारा पुरावा. वाढीचा वेग, खुडूक बसणं, अंड्याचा रंग, रोग सोसण्याची ताकद हे सगळं वेगवेगळ्या जनुकांवर असतं आणि ते डोक्यावरच्या ठिपक्यावरून कळत नाही. बापाला आणि मुलांना आधी वेगळं करा. मग किमान तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवायच्या बारीक नळ्या असतात, कोंबडा काढल्यावरही दोन-तीन आठवडे अंडी भरलेली निघतात. त्याआधीची अंडी खा, बसवू नका.

आता नव्या कोंबड्याबद्दल. एक कोंबडा आणि नऊ कोंबड्या, एकूण दहा पक्षी. पण वंशाच्या हिशेबाने तो कळप दहाचा नसतो. नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले एकूण पक्षी, असं सूत्र आहे. ४ × १ × ९ ÷ १० = ३.६. म्हणजे साडेतीन पक्ष्यांच्या कळपाइतकीच विविधता, आणि दर पिढीला जवळजवळ १४ टक्के आंतरप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) वाढतं. तिसऱ्या पिढीला अंडी रिकामी का निघाली ते यात आलं. तुम्ही आणखी वीस कोंबड्या आणल्यात तरी हा आकडा चारच्या वर जाणार नाही, कारण बाटलीची मान म्हणजे कोंबडा.

पण समजा चार घरं आहेत, प्रत्येकाकडे एक कोंबडा नऊ कोंबड्या. पहिल्या घरातले नर दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे चौथ्याला, चौथ्याचे पहिल्याला. कोंबड्या आपापल्या घरी. चारही घरं मिळून एकच कळप धरला तर आकडा १४.४ होतो, वाढ साडेतीन टक्क्यांवर येते. तांबडीमातींच्या आजी हेच करत होत्या.

---

मांडवी_काठ | ५ मार्च, सकाळी ११.३०

मी पणजीचा. जरा अवांतर, पण मिन्योकर ताईंना आवडेल. पोर्तुगालात आजाऱ्याला आणि बाळंतिणीला कोंबडीचं भात घातलेलं सूप देतात, त्याला 'कांजा' म्हणतात. हा शब्द आपल्याकडून गेलेला आहे, दक्षिणेतल्या 'कांजी'वरून. गार्सिया द ओर्ताचं औषधींवरचं पुस्तक गोव्यात १५६३ साली छापलं गेलं, त्यात तांदळाचं पाणी, मिरी आणि जिरं घालून रुग्णाला देतात असा उल्लेख आहे आणि त्याचं नाव 'कांजे' असंच दिलंय. आपली पेज तिकडे गेली आणि तिच्यात कोंबडी पडली.

उलट दिशेने त्यांची 'काबिदेला', म्हणजे रक्त घालून शिजवलेलं मांस, आमच्याकडे आली. तिकडे कोंबडीची करतात, आमच्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत डुकराची.

---

मिन्योकर | ५ मार्च, रात्री ८.५५

मांडवी_काठ, काबिदेलाचं बरं काढलंत. मिन्योत ती भातात करतात, आणि त्या भाताला 'पिका नु शांव' असंही म्हणतात. शब्दशः अर्थ 'जमीन टोचणारी'. म्हणजे आपली गावठी, मोकळी चरणारी कोंबडी. कापताना रक्त व्हिनेगरमध्ये धरतात म्हणजे गोठत नाही, आणि भात शिजत आला की शेवटी ते ओततात. भात तपकिरी होतो, आंबट लागतो. हा भात ब्रॉयलरचा होत नाही. पाच आठवड्यांच्या कोंबडीचं मांस रस्सा उकळेपर्यंत हाडापासून सुटून जातं. इथे हवी सहा-आठ महिने पायांवर फिरलेली कोंबडी, जी तासभर शिजूनही शाबूत राहते. युरोपच्या नियमांत 'पारंपरिक मोकळी कोंबडी' असं लेबल लावायला कमीत कमी ८१ दिवस वय लागतं, पण आजी त्या वयाच्या पक्ष्याला पिल्लूच म्हणतात.

फ्रेमुंद गावात तर खच्ची केलेल्या कोंबड्यांची जत्रा भरते, १३ डिसेंबरला, सांता लुझियाच्या सणाला. तिथला कोंबडा नाताळच्या जेवणासाठी नावाजलेला.

---

तुळसवृंदावन | ६ मार्च, सकाळी ९.१०

ताई, मनापासून विचारते, राग मानू नका. मी शाकाहारी आहे. एकीकडे जात वाचवायची म्हणता आणि दुसरीकडे तिचा भात करता. वाघ वाचवताना आपण असं नाही ना करत?

---

मिन्योकर | ६ मार्च, रात्री ९.४५

राग कशाला? मी स्वतः पहिल्या वर्षी एकही पक्षी कापू दिला नव्हता. झालं काय, तर दर पिल्लावळीत निम्मे नर. वर्षभरात खुराड्यात सहा कोंबडे झाले, एकमेकांना रक्तबंबाळ करायचे आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसं उडवायचे. सहा कोंबड्यांना कोणी फुकट ठेवून घेत नाही.

वाघाला जंगल पोसतं. पाळीव कोंबडीला माणूस पोसतो, आणि माणसाने तिला का पोसावं याचं कारण घरात असावं लागतं. अंड्यांच्या कारखान्यांत, जिथे फक्त अंडी देणाऱ्या जाती असतात, तिथे नर पिल्लं बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारतात, कारण त्यांचा कोणालाच उपयोग नाही. आजींच्या परसात नर पिल्लाला आठ महिने ऊन, माती, मका आणि कोबीची पानं मिळतात. मला या दोन्हींत मोठा फरक वाटतो. तुम्हाला तो पुरेसा वाटणार नाही हे मान्य आहे, आणि ते मी समजू शकते.

---

तुळसवृंदावन | ६ मार्च, रात्री १०.३०

पटलं असं नाही म्हणणार, पण उत्तर प्रामाणिक आहे. धागा वाचत राहीन.

---

सातपुडा | ७ मार्च, रात्री ११.००

मी नंदुरबार जिल्ह्यातला. तुमचं वाचून आमची बसरा आठवली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंद झालेली जात आहे, नवापूर भागातली आणि पलीकडे गुजरातेतल्या सुरतकडच्या पट्ट्यातली. आदिवासी पाड्यांवरची लहान चणीची कोंबडी.

२००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आमच्या नवापूरलाच. मोठ्या पोल्ट्र्यांतल्या लाखो कोंबड्या मारल्या, त्यासोबत आसपासच्या गावांतल्या परसातल्याही मारल्या. तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या घरच्या अकरा नेल्या. रोग थांबवायला ते करावं लागलं असेल, पण ज्या मुलखातली जात त्याच मुलखात खुराडी रिकामी झाली. पुढे लोकांनी पक्षी आणले ते मिळतील ते. वनराज, गिरिराज या सुधारित कोंबड्या आल्या. अंडी जास्त देतात, वजन लवकर धरतात, खोटं नाही. पण वनराज सहसा खुडूक बसत नाही. म्हणजे पुढची पिल्लं विकत आणायची, दरवर्षी. आमची आई म्हणते, जी अंड्यावर बसत नाही ती पाहुणी, घरची नव्हे.

पोर्तुगालात एक नोंदवही आणि एक संघटना असल्याने एवढा फरक पडतो, याचं मला फार अप्रूप वाटतंय. तिथे बर्ड फ्लूचं काय करतात?

---

मिन्योकर | ८ मार्च, दुपारी ४.१५

सातपुडा, तुमची अकरा कोंबड्यांची गोष्ट वाचून काही सुचेना.

धोका वाढला की इथे हुकूम निघतो, कोंबड्या आत बंद ठेवा म्हणून. रानपक्ष्यांशी संबंध येऊ नये हा हेतू. मोकळ्या चरणाऱ्या पक्ष्यांना ते सोसत नाही, आपसांत टोचाटोची सुरू होते. मी मांडवाखाली जाळीचा तंबू केलाय, वर पत्रा. पण तुम्ही म्हणता ती भीती कायम असते. एका जातीचे बहुतेक पक्षी एकाच तालुक्यात असतील तर एक साथ पुरे.

---

गुणसूत्र | ८ मार्च, रात्री ९.००

म्हणूनच शुक्राणूंचा वगैरे गोठवलेला साठा लागतो. पोर्तुगालची प्राण्यांची जननद्रव्य पेढी सांतारेंजवळ फोंत बोआला आहे. आणि गंमत म्हणजे शुक्राणू गोठवून जिवंत ठेवता येतात हा शोध लागला तोच कोंबड्याच्या शुक्राणूंवर. १९४९ साली इंग्लंडमध्ये, ग्लिसरीन वापरून. त्या शोधाचा सगळ्यात मोठा फायदा गाई-म्हशींना झाला आणि कोंबड्या मागे राहिल्या, कारण तेच ग्लिसरीन कोंबडीच्या शरीरात गर्भधारणा होऊ देत नाही. ते धुऊन काढावं लागतं किंवा दुसरं रसायन वापरावं लागतं, आणि तरी अंडी भरण्याचं प्रमाण घटतं.

दुसरी अडचण याहून मोठी. कोंबडीचं अंडं गोठवता येत नाही, बलक फार मोठा. फक्त शुक्राणू साठवले तर डब्ल्यू गुणसूत्र त्यात नसतंच, ते आईकडूनच येतं. अलीकडे भ्रूणातल्या आद्य जननपेशी (ज्यांच्यातून पुढे अंडी आणि शुक्राणू बनतात) गोठवून दुसऱ्या जातीच्या वांझ कोंबडीत वाढवायचं तंत्र एडिनबरोजवळच्या रोझलिन संस्थेत जमलंय. पण ते प्रयोगशाळेतलं काम आहे. शंभर खेड्यांतली खुराडी हीच अजून सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची पेढी.

---

तांबडीमाती | ९ मार्च, सकाळी ८.२०

ताई, त्या चार काळ्या तलंगांचं काय करणार?

---

मिन्योकर | ९ मार्च, रात्री ८.३०

त्या राहतील. अंडी छान देतात आणि त्यांचा काही दोष नाही. त्यांच्यासाठी वेगळं खुराडं बांधलं, नवऱ्याने शनिवार-रविवार त्यातच घातला. त्यांची अंडी फक्त खायला, उबवायला नाहीत. तीन कबऱ्या तलंगाही त्यांच्यासोबतच ठेवल्यात, कारण रक्त तेच.

बापाला आणि त्याच्या मुलांना शुक्रवारी वेगळं काढलं. संघटनेच्या नोंदवहीत असलेल्या एका पाळणाऱ्याशी बोलणं झालंय, पोंत द लिमाकडचा. तिथे दर पंधरवड्याला सोमवारी नदीकाठी बाजार भरतो, ११२५ च्या सनदेत त्याचा उल्लेख आहे. तिथेच भेटायचं ठरलंय. पैसे नको म्हणाला. म्हणाला, पुढच्या वर्षी तुमचा एक नर मला द्या. माझी एकच अट, कोंबडा कोंबड्यांपेक्षा फिका हवा. तो हसून म्हणाला, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

---

मिन्योकर | ४ मे, रात्री १०.०५

धागा वर आणते.

तीन आठवडे मोजून थांबले. २८ मार्चला नवा कोंबडा आला, राखाडी-पांढरा, पहिले दोन दिवस कोबीच्या मागेच लपून होता. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आरवला. १२ एप्रिलला एक कोंबडी खुडूक बसली, तिच्याखाली ११ अंडी ठेवली. बाराव्या दिवशी बॅटरी लावून बघितली, एक रिकामं. काल दुपारपासून फुटायला लागली.

नऊ पिल्लं. एक आज सकाळी अर्धं फोडून थांबलं होतं, मला मदत करावीशी वाटत होती, आजींनी हात धरला. अकराच्या सुमाराला ते आपलं आपण बाहेर आलं.

आजी एकेकाला तळहातावर घेऊन दाराशी उजेडात नेत होत्या. नऊच्या नऊ डोक्यांवर ठिपका आहे. त्यांच्या मते चार नर. त्यांतला एक पोंत द लिमाला जाणार आहे, आणि दुसरा आजींनी आत्ताच मागून ठेवलाय.

---

सातपुडा | ४ मे, रात्री ११.४०

ताई, आईला वाचून दाखवलं. ती विचारते, पिल्लांना पहिले दोन दिवस काय घालता? आमच्याकडे कण्या. आणि मी या सुट्टीत पाड्यांवर फिरून कोणाकडे जुन्या बसरा उरल्यात ते वहीत लिहायला सुरुवात करतोय. कोंबडे आधी मोजणार.

---

मिन्योकर | ५ मे, सकाळी ७.१०

आईंना सांगा, इथे मक्याची भरड आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. पाणी उथळ ताटलीत, मध्ये दोन गोटे ठेवून, म्हणजे बुडत नाहीत. वहीत प्रत्येक कोंबड्याचा रंग कोंबड्यांपेक्षा फिका की गडद, डोळे आणि पायांचा रंग, आणि तो कुठून आला हे नक्की लिहा. वहीचे रकाने कसे पाडायचे ते गुणसूत्र सांगतील का?

---

गुणसूत्र | ५ मे, सकाळी ९.३०

सांगतो. सातपुडा, संध्याकाळी व्यक्तिगत निरोप पाठवतो, वही आणि मोजपट्टी जवळ ठेवा.